कोरडी बॅटरी आणि पहिले ॲसिड

प्रश्न : ट्रॅक्टरसाठी घेतलेली १२ व्होल्टची, ८० अँपिअर-अवरची नवी बॅटरी कोरडीच मिळाली असून सोबत ॲसिडचा कॅन आहे. ॲसिड भरून ती लगेच जोडावी का?

उत्तर : अशा बॅटरीच्या प्लेटा कारखान्यातच चार्ज करून वाळवलेल्या असतात, त्यामुळे ॲसिड भरल्यावर अर्ध्या तासात ती इंजिन सुरू करू शकते, तरीही घाई नसेल तर आधी चार्ज केल्याशिवाय जोडू नये. साठवणीत हवा आणि ओलावा आत शिरला, की ऋण प्लेटांवरील सच्छिद्र शिसे ऑक्सिडाइज होते आणि मूळ चार्ज घटतो, म्हणून बुचांवरचे सील ॲसिड भरण्याच्या वेळीच काढावे.

कॅनमधले ॲसिड तयार असते, त्यात पाणी मिसळू नये. गॉगल व रबरी हातमोजे घालून प्रत्येक सेल (बॅटरीतील कप्पा) खुणेपर्यंत भरावा आणि अर्धा तास थांबावे. या वेळात बॅटरी कोमट होते व प्लेटांनी ॲसिड शोषल्याने पातळी उतरते. ती त्याच ॲसिडने पुन्हा खुणेपर्यंत आणावी. नंतर मोकळ्या हवेत, बुचे सैल ठेवून, सुमारे ८ अँपिअरने चार्जिंग करावे. सर्व सेलांतून बुडबुडे येऊ लागले आणि हायड्रोमीटरचे (ॲसिडची घनता मोजणाऱ्या उपकरणाचे) वाचन काही तास स्थिर राहिले, की चार्जिंग पूर्ण झाले असे समजावे. पुढे पातळी उतरल्यास मात्र केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे; उरलेले ॲसिड 'वाया जाऊ नये' म्हणून ओतणारे बरेच जण भेटतात, आणि त्यांच्या प्लेटा लवकर खराब होतात.