नावात मॉरिशस आहे, पण झाड तिथलं नाही

ताई, फोटो झूम करून नीट बघितले, माझ्या मते हे सोलॅनम मॉरिशियानमच आहे. तुम्ही म्हणताय की मुलाच्या मॉरिशसमधल्या क्यूरपीप गावातल्या घरामागे हे आपोआप उगवलंय, नावातच मॉरिशस आहे म्हणजे मूळचं तिथलंच असणार, मग तोडायचं कशाला. नावामुळे भल्याभल्यांची गल्लत होते. हे वांगी-तंबाखूच्या कुळातलं झाड खरं दक्षिण अमेरिकेतलं, दक्षिण ब्राझील, उरुग्वे, उत्तर अर्जेंटिना त्या पट्ट्यातलं, पण १७८८ मध्ये स्कोपोली या वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव देताना मॉरिशसचं दिलं आणि तेच कायम राहिलं.

तरी एकदा हातात घेऊन खात्री करा. पान खालून पांढरट आणि मखमलीसारखं असेल, चुरगाळलं की उग्र वास येईल, आणि देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे दोन छोटी पानं कानांसारखी उभी दिसतील. याचं एक जुनं नाव ऑरिक्युलाटम, ते या कानांवरूनच. फूल जांभळं. आपल्याकडे याच्यासारखंच दिसणारं एक पांढऱ्या फुलांचं झाड असतं पण त्याला हे कान नसतात.

शेजारच्या रियुनियन बेटावर याला ब्रेंजेलिए मारों म्हणतात, म्हणजे रानात पळालेलं वांग्याचं झाड. मारों हा शब्द तिकडे मळ्यातून पळून डोंगरात राहणाऱ्या गुलामांसाठी होता, तोच बागेतून निसटलेल्या झाडांना लागला. मला हा शब्द फार नेमका वाटतो कारण झालंय अगदी तसंच, कुणी लावायला नको की पाणी घालायला नको, स्वतःच वाढतं, फळतं आणि पुढची पिढी रुजवतं. पण रुजलेलं आणि मूळचं यात फरक आहे, बेटावर शेकडो वर्षं काढली तरी मूळचं होत नाही.

आणि याच्या बिया पसरवतं कोण, तर आपला शिपाई बुलबुल! तोही तिथला नाही, मॉरिशसला १८९२ च्या सुमारास आशियातून नेला आणि रियुनियनला १९७२ मध्ये पोचला. एकेका पिवळ्या फळात शंभराच्या वर बिया, बुलबुल फळं खातो आणि जंगलात कुठेही जाऊन बसतो, तिथे विष्ठेतून बी पडतं, झाड पडून किंवा रस्ता काढून जरा उजेड आलेला असला की हे मोकळी जागा पटकन धरतं आणि मूळच्या झाडांची रोपं सावलीत अडकतात. मॉरिशसमध्ये चांगलं मूळचं जंगल दोन टक्केसुद्धा उरलेलं नाही, चिनी पेरू आणि प्रिव्हेट या बाहेरून आलेल्या झाडांनी आधीच फार नुकसान केलंय, त्यात हे. तुमच्या मुलाच्या गावातच, क्यूरपीपच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये एक पाम आहे, हायोफोर्बे अमॅरिकॉलिस, त्या जातीचं जगात माहीत असलेलं एकमेव झाड. मुलाला सांगा एकदा जाऊन उभा राहा त्याच्यासमोर, मग घरामागचं झाड ठेवायचं की काढायचं हे तोच ठरवेल.

काढायचं ठरलं तर फळं धरायच्या आधी काढा, लहान रोपं पावसानंतर माती मऊ असताना मुळासकट उपटा. मोठं नुसतं तोडलं तर बुंध्यातून परत जोमाने फुटतं, त्यामुळे खोडाबरोबर मूळही खणायला लागेल. मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, पानांची लव धुळीसारखी उडते, मी नीलगिरीत एक फांदी कापली तर रात्रभर घसा खवखवत होता आणि मनगटावर पुरळ आलं. कच्ची फळं विषारी असतात, नातवंडं असतील तर आधी घोस काढून पिशवीत बांधा, तिथेच टाकू नका. मातीत बी बरीच वर्षं टिकतं म्हणून दर दोनेक महिन्यांनी ती जागा बघत राहायचं, बोटभर रोप दिसलं की लगेच उपटायचं, बोटभर असताना दोन सेकंदांचं काम आहे.