तेराव्यापर्यंत थांबू नका

प्रश्न : माझे थोरले दीर मेलबर्नला असत. कॅन्सर होता. इच्छामरणाची परवानगी मिळाली, औषधही घरी आलं होतं, पण ते न घेताच गेले. आता कुठल्याशा मंडळाकडून पुतण्याकडे औषधाची विचारणा होतेय. पोलीस केस होईल का? नावानिशी छापून येईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, केस वगैरे काही नाही. पुतण्या कागदोपत्री ‘संपर्कव्यक्ती’ असणार, म्हणजे उरलेलं औषध परत करण्याची जबाबदारी असलेला. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, औषध घरी ठेवायचं तर असा माणूस आधी नेमावाच लागतो. मेलबर्नच्या आल्फ्रेड हॉस्पिटलचे औषधतज्ज्ञ स्वतः घरी येतात, सगळं समजावतात, औषध कुलूपबंद पेटीत ठेवायला लावतात. रुग्ण गेल्यावर न वापरलेलं औषध 15 दिवसांत त्याच हॉस्पिटलच्या फार्मसीकडे परत गेलं पाहिजे. नाही गेलं तर मात्र गुन्हा आहे. मी इथे व्हिक्टोरियात नर्स म्हणून काम केलंय, आपल्या लोकांना नेहमी सांगते : दिवसवार होत राहतील, तेराव्यापर्यंत थांबू नका, पेटी आधी पोहोचवा. ऑस्ट्रेलियातल्याच क्वीन्सलँड राज्यात 2023 साली घरात राहिलेल्या अशाच औषधाने भलत्याच माणसाचा जीव गेला होता.

विचारणा करणारं मंडळ स्वतंत्र आहे. परवाना देतं आरोग्य खातं. मंडळ मागाहून तपासतं, आणि तक्रार असो-नसो, प्रत्येक प्रकरण तपासतं. जून 2019 मध्ये इच्छामरणाचा कायदा लागू झाला तेव्हा मंडळाच्या अध्यक्षा होत्या बेटी किंग, व्हिक्टोरियाच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश राहिलेल्या. पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी अहवाल निघाला, आता वर्षातून एकदा, थेट संसदेपुढे. त्यात नाव कुणाचंच नसतं. अर्ज किती आले, परवाने किती, औषध किती जणांनी घेतलं, न घेता किती गेले, एवढंच. तुमचे दीर त्या शेवटच्या आकड्यात.

हे आकडे मला महत्त्वाचे वाटतात, कारण मृत्यूच्या नोंदीत कारण म्हणून मूळ आजारच लिहितात. मंडळाने मोजलं नसतं तर ही माणसं कॅन्सरच्या यादीत मिसळून गेली असती. मग म्हाताऱ्यांवर इच्छामरणासाठी दबाव येतो की येत नाही, यावर नुसती तोंडी भांडणं! अर्थात मंडळाला दिसतं ते फॉर्मवर आलेलं. ज्यांनी विचारलंच नाही, ज्यांना कुणी सांगितलंच नाही, ते त्यात कुठून येणार? तरी वर्षानुवर्षं इथे राहूनही नागरिकत्वाचा कागद नाही म्हणून माणसं परवान्यासाठी अडली, ही गोष्ट या अहवालांतूनच चव्हाट्यावर आली.

पेटी परत केली की पुतण्याला अनुभव लिहायला सांगा. घरच्यांची मनोगतं मंडळ मागवतं, निवडक मजकूर निनावी छापतं. इथे इच्छामरणाच्या प्रक्रियेत घरातल्या मुलाला दुभाषा म्हणून बसवता येत नाही, मान्यताप्राप्तच लागतो. दिरांना मराठीचा दुभाषा लागला असेल, तर तो वेळेत मिळाला का, हे त्याने जरूर लिहावं.