वाचक विचारतात : न्यू मेक्सिकोत आधी पाट, मग चर्च

प्रश्न (धुळे) : अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात स्पॅनिश लोकांनी वस्ती केली तेव्हा सगळ्यांत आधी काय बांधलं? किल्ला की चर्च?

उत्तर : दोन्ही नाही. आधी पाट खणायला घेतला. स्पॅनिश वसाहतवाल्यांचा म्होरक्या हुआन दे ओन्याते याचा तांडा ११ जुलै १५९८ रोजी रिओ ग्रांदे नदीकाठच्या ओके ओविंगे या पुएब्लो (तिथल्या मूळ शेतकरी लोकांच्या) गावी पोचला. ११ ऑगस्टला पाटाचं काम निघालं आणि चर्चचं २३ ऑगस्टला. पाटावर सुमारे दीड हजार स्थानिक माणसं राबल्याची नोंद आहे. हे लोक स्पॅनिश येण्याआधीपासून मका, घेवडा, भोपळा पिकवत होते आणि शेताला पाणी कसं द्यायचं तेही जाणत होते. म्हणून सगळं श्रेय वसाहतवाल्यांना देणं आम्हाला पटत नाही.

या पाटाला तिकडे ‘आसेकिया’ म्हणतात. नदीत वरच्या अंगाला ओंडके, फांद्या आणि दगड रचून बुटका बंधारा घालायचा. तो मुद्दाम पाझरता ठेवत, म्हणजे खालच्या गावांनाही पाणी जातं. पाटाच्या तोंडाशी लाकडी दार असतं. तिथून मुख्य पाट डोंगराच्या कडेकडेने, नदीपेक्षा कमी उताराने न्यायचा. जसजसं पुढे जावं तसतशी पाट आणि नदी यांच्यात भिजणारी जमीन रुंदावते. पाटातून दांडाने पाणी शेतात येतं आणि उरलेलं टोकाला परत नदीत सोडतात. सगळी मेख उतारात आहे. तो जास्त झाला तर पाणी काठ कापतं, कमी झाला तर गाळ बसतो आणि शेवटच्या शेतकऱ्याला काही मिळत नाही. वसंतात बर्फ वितळून पूर आला की बंधारा वाहून जातो आणि पुन्हा रचावा लागतो.

पाणी सोडण्याआधी, वसंताच्या तोंडाशी, सगळे मिळून पाटाचा गाळ काढतात. ज्याची जमीन जास्त त्याने माणसं जास्त द्यायची. पाण्याची पाळी ठरवतो मायोर्दोमो, म्हणजे आपल्या धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठी गावाने मिळून पाणी वाटायच्या फड पद्धतीतला पाटकरीच म्हणा. धुळ्याच्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको.

प्रश्न (सांगली) : १६८० मध्ये पुएब्लो लोकांनी स्पॅनिशांना हाकललं असं वाचलं. बंदुका असूनही ते हरले कसे?

उत्तर : राग जुना होता. दर कुटुंबामागे वर्षाला मक्याचं ठरावीक माप आणि एक कापड खंडणी म्हणून द्यावं लागे. १६६०च्या दशकापासून दुष्काळ आला, तरी वसुली थांबली नाही. १६७५ मध्ये गव्हर्नर त्रेविन्योने सत्तेचाळीस धर्मप्रमुखांना पकडून फटके मारले आणि काहींना फासावर चढवलं. सुटून आलेल्या धर्मप्रमुखांत पोपे नावाचा एक जण होता. त्याने गावोगावी गाठी मारलेली दोरी पाठवली. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. ९ ऑगस्टला दोन निरोपे पकडले गेले, म्हणून ठरल्याच्या आधीच, १० ऑगस्टला उठाव झाला. सुमारे चारशे स्पॅनिश मारले गेले, त्यात एकवीस पाद्री होते.

सांता फे गावात सुमारे हजार माणसं गव्हर्नरच्या वाड्यात अडकली. बंडवाल्यांनी वाड्याकडे येणारा पाट तोडला. बंदुका होत्या, पण प्यायला पाणी नव्हतं. जनावरं तहानेने मरू लागली. २१ ऑगस्टला वेढ्यातले लोक गाव सोडून दक्षिणेला एल पासोकडे निघाले. १६९२-९३ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर दिएगो दे वार्गासने प्रांत परत घेतला, पण खंडणीची जुनी पद्धत पुन्हा उभी राहू शकली नाही. उठावाने मिळवलेली ही मोठी गोष्ट आहे आणि ती पुरेशी सांगितली जात नाही.

प्रश्न (मडगाव) : त्या काळात गोवाही स्पेनच्याच राजाकडे होता ना?

उत्तर : राजा एक होता, कारभार वेगळा. १५८० ते १६४० पर्यंत पोर्तुगालचा मुकुटही स्पेनच्या राजांकडे होता. ओन्याते निघाला तेव्हा गोवा आणि न्यू मेक्सिको या दोन्हींचा धनी दुसरा फिलिप. पण गोव्याचा व्हाइसरॉय पोर्तुगीजच असे आणि न्यू मेक्सिको मेक्सिको शहरातल्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता.

प्रश्न (अल्बुकर्की) : इथली जुनी शेतं इतकी लांबट आणि अरुंद का? आणि गावांच्या सामाईक जमिनी गेल्या कुठे?

उत्तर : शेत पाटाला लागून हवं, म्हणून. जमिनीची वाटणी ‘वारा’ या मापाने होई (एक वारा म्हणजे अंदाजे ८४ सेंटिमीटर). पाटाकाठची रुंदी मोजून द्यायची, लांबी पाटापासून नदीपर्यंत किंवा डोंगरापर्यंत जाईल तेवढी. १७५१ मध्ये लास त्राम्पास वसवणाऱ्या बारा कुटुंबांना प्रत्येकी १८० वारा मिळाले. वारसा मुलगे आणि मुली दोघांनाही मिळे आणि खातेफोड उभी होई, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाटाचा काठ यायचाच. चार पिढ्यांत पट्ट्या चिंचोळ्या झाल्या त्या अशा.

जमिनीची सनद मिळवण्याची रीत ठरलेली होती. आधी गव्हर्नरकडे अर्ज. मग अल्काल्दे, म्हणजे स्थानिक अधिकारी, जागेवर जाऊन शेजारच्या पुएब्लोंची हरकत आहे का ते बघे. नंतर तो अर्जदाराचा हात धरून त्याला जमिनीवरून फिरवी. अर्जदार गवत उपटे, दगड फेके, राजाचा जयजयकार करी. एवढं झालं की कबजा पक्का.

१७९४ मध्ये सान मिगेल देल वादो गावाची सनद बावन्न अर्जदारांना मिळाली. चौक आणि पाट सर्वांनी मिळून बांधायचे, हत्यारं बाळगायची आणि जमीन पुढे येऊन वसणाऱ्यांसाठीही सामाईक राहील, अशा अटी होत्या. घरं आणि भिजणारी शेतं ज्याची त्याची, बाकीचं गायरान आणि जंगल सगळ्यांचं.

घात इथेच झाला. स्पेननंतर प्रांत मेक्सिकोकडे होता, तो १८४८ च्या तहाने अमेरिकेकडे गेला. मालमत्तेच्या हक्काला संरक्षण देऊ, असं तहात होतं. पण सामाईक जमिनीचा मालक कोण? अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १८९७ मध्ये सांदोवाल खटल्यात ठरवलं की गायरानाची मालकी गावाची नव्हती, राजाची होती, म्हणून ती आता अमेरिकी सरकारची. सान मिगेलने दावा केला होता सुमारे ३,१५,००० एकरांचा. मान्य झाले जेमतेम पाच हजार, तेही घरं आणि शेतं. कुरण आणि सरपण गेल्यावर नुसत्या भिजणाऱ्या पट्टीवर कुटुंब जगवणं कठीण. गावं ओस पडण्याचं मूळ आम्हाला या निकालात दिसतं.

पाट मात्र वाचले. १८५१ आणि १८५२ च्या प्रांतिक कायद्यांनी आसेकियांचा जुना रिवाज मान्य केला. आज राज्यात अशा सुमारे सातशे आसेकिया चालू आहेत. तुम्ही तिकडे जमीन घेणार असाल तर खरेदीखतात चतुःसीमेबरोबर पाण्याचा हक्क वेगळा लिहिलाय का ते बघा, आणि गाळ काढण्याच्या कामाची थकबाकी आहे का हे मायोर्दोमोला विचारा.