स्लॅब टाचेशी तडकतोय? पाऊल कधी सरळ केलं ते आठवा

ग्रामीण रुग्णालयात इंटर्नशिप, घोट्याच्या फ्रॅक्चरला गुडघ्याखालचा स्लॅब (पोटरीमागून तळव्यापर्यंत बसवलेली प्लास्टरची जाड पट्टी), दुसऱ्या दिवशी तो टाचेच्या वर तडकलेला, पाऊल खाली झुकलेलं आणि पेशंट म्हणतोय टाच जळतेय. तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं लगेच ओळखू आलं. तडा, झुकलेलं पाऊल आणि जळजळ या तीन वेगळ्या अडचणी नाहीत. प्लास्टर ओलं असताना घोट्याचा कोन बदलला गेलाय.

होतं असं. पेशंटला उताणं झोपवतात, कोणीतरी टाच धरून पाय उचलतं, पाऊल स्वतःच्या वजनानं खाली लोंबतं. बँडेज बांधून होतं आणि मग कुणाला तरी ९० अंश आठवतात. चवडा वर ढकलला जातो. स्लॅब वळणाच्या बाहेरच्या अंगाला असतो, त्यामुळे कोन कमी केला की तो टाचेवर ताणून बसतो. बाजूंना चुण्या पडतात आणि दाटत आलेले पदर एकमेकांपासून सुटतात. वरून गुळगुळीत दिसतो, पण आतून घोट्याशी ताकद उरलेली नसते. त्यात टाच धरणाऱ्याच्या बोटांचे खळगे उमटलेले असतातच. धरायचं ते तळहातानं, बोटांनी नव्हे.

उपाय: पेशंटला पालथं झोपवा, गुडघा काटकोनात वाकवा, तळवा छताकडे. गुडघा वाकला की पोटरीचा स्नायू सैल पडतो आणि घोटा फारशी जबरदस्ती न करता काटकोनात येतो. स्लॅबही वजनानंच पोटरीवर आणि तळव्यावर बसतो. वयस्कर, दमेकरी किंवा गरोदर पेशंटला पालथं झोपवू नका. टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवा आणि मदतनीसाला चवड्याखाली सपाट तळहात धरायला सांगा. पहिला कापूस गुंडाळण्याआधी कोन ठरला पाहिजे, नंतर हलवायचा नाही. (अपवाद अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेमागची जाड शीर, तुटल्याचा. तिथे पाऊल मुद्दाम खाली ठेवतात, म्हणून आधी निदान पक्कं करा.)

कापूस २-३ थर, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा चढवून. टाच, घोट्याची दोन्ही हाडं आणि गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाताला लागणारा हाडाचा गोळा, इथे जास्तीचा तुकडा हवाच. त्या गोळ्याखालून जाणारी नस दाबली तर फूट ड्रॉप होतो, म्हणजे पाऊल वर उचलता येत नाही. म्हणून वरची कड त्याच्या दोन बोटं खाली थांबवा.

मोठ्या माणसाला १५ सेंमी रुंदीचे, २.७ मीटरचे प्लास्टर बँडेजचे साधारण ३ रोल लागतात. स्लॅबची लांबी ६५-७० सेंमी धरली तर १२ पदर होतात. जाड माणसाला १५ पर्यंत चालतील. टाचेच्या वळणावर दोन्ही कडांना ३-४ सेंमी आडवा काप द्या आणि पदर एकमेकांवर चढवा, म्हणजे चुणी पडत नाही. पाणी साधं किंवा जेमतेम कोमट. घाईसाठी गरम पाणी घेणारे बरेच आहेत, ते मला अजिबात पटत नाही. प्लास्टर घट्ट होताना स्वतःच तापतं. त्यात पदर जास्त आणि पाय उशीवर दाबलेला असेल तर कातडी भाजते. बुडबुडे थांबले की काढा, टोकं धरून हलकं दाबा, पिळू नका. मग टेबलावर तळहातानं निपटून घ्या. वरचं गॉज बँडेज ओलं करूनच बांधा, कोरडं बँडेज नंतर भिजून आवळतं.

आता चीड येते ती गोष्ट. टाच जळतेय म्हणून परत आलेल्या पेशंटला "हाड मोडलंय, दुखणारच" म्हणून गोळी देऊन घरी पाठवणारे दवाखाने. फ्रॅक्चर घोट्यात आणि जळतंय टाचेला, तर तो दाबच समजा आणि उघडून बघा. दोन दिवसांनी जळजळ आपोआप थांबली तर खुश होऊ नका, तिथली कातडी मेलेली असू शकते. पायाची बोटं निळी, बधिर, किंवा बोट हळूच ताणल्यावर पोटरीत जीवघेणी कळ असेल, तर बँडेज आणि कापूस कातडी दिसेपर्यंत पूर्ण कापा आणि लगेच सीनियरना बोलवा. नुसतं वरचं बँडेज सैल करून भागत नाही. तुमच्या पेशंटचा स्लॅबही आजच काढा. तडकलेल्या जागी वरून दोन पदर चिकटवू नका, दाब तसाच राहतो.

हे सगळं शिकलेल्या हातांसाठी आहे आणि तुमच्या ऑर्थोच्या सरांचं वेगळं मत असेल तर त्यांचं ऐका. घरच्या कुणी वाचत असेल तर प्लास्टर करायला जाऊ नका. पुठ्ठा किंवा उशी बांधा आणि दवाखाना गाठा.

पायावर भार किमान ४८ तास नाहीच, त्यानंतरही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. आणि पावसाळ्यात प्लास्टरची पाकिटं दाबून बघा. दमट स्टोअरमधले रोल आतच गोळा झालेले असतात, ते कितीही भिजवले तरी धरत नाहीत. बादलीतलं पाणी दर पेशंटला बदला. आधीचा गाळ राहिला की पुढचं प्लास्टर हातातच घट्ट होतं. तो गाळ बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तुंबला की प्लंबर येईपर्यंत अख्खी प्लास्टर रूम बंद.