वाचकांचे प्रश्न : ब्रिस्बेनहून लाँगरीच, आगगाडीनेच

प्रश्न : माझी मुलगी ब्रिस्बेनला असते. जुलैत आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने निघून आत आउटबॅकमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखात, लाँगरीचपर्यंत आगगाडी जाते असं वाचलं आणि माझ्या मनाने घेतलं. मुलगी म्हणते, "आई, विमानाने दोन-अडीच तासांत पोचाल. दिवसभर नुसतं माळरान काय बघायचं?" ह्यांचे गुडघे दुखतात, शिवाय आम्ही शाकाहारी. जावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, जरूर जा. मी रेल्वेत गार्ड होतो, कसारा घाटात उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीनंतर या 'स्पिरिट ऑफ द आउटबॅक'ने गेलो, तेव्हा खिडकी सोडवेना. माळरान बघायचं असेल तर ते आगगाडीतूनच, कारण हिरवा किनारा सुटून कोरडा मुलूख कसा सुरू होतो ते विमानातून कळतच नाही.

गाडी आठवड्यातून दोनदा सुटते. शनिवारी दुपारची घ्या. मंगळवारची संध्याकाळी निघते, त्यामुळे किनारपट्टी सगळी अंधारात जाते. शनिवारी ऊन असतानाच डाव्या हाताला ग्लास हाउस पर्वत दिसतात. जुन्या ज्वालामुखींच्या नळ्यांत गोठलेला खडक तेवढा उरलाय. सपाट रानातून एकेक सुळका सरळ वर आलेला. पुढे उसाचा बंडाबर्ग येतो, पण जुलैत लवकर अंधारतं, त्यामुळे तो चुकेल. चुकू द्या.

रात्री रॉकहॅम्प्टन लागतं आणि गाडी समुद्राकडे पाठ करते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. रॉकहॅम्प्टनहून आत जाणारा रूळ 1867 पासून पुढे सरकत सरकत 1892 मध्ये लाँगरीचला पोचला. क्वीन्सलँड राज्याची राजधानी ब्रिस्बेन मात्र रॉकहॅम्प्टनला 1903 मध्ये जोडली गेली. म्हणजे रॉकहॅम्प्टन राजधानीच्या आधी मेंढ्यांच्या माळाशी जोडलं गेलं. आतली लोकर बंदरावर आणायची, हेच या मार्गाचं मूळ काम. तुम्ही लोकरीच्या वाटेने उलट्या दिशेला जाताय. म्हणून मला हा मार्ग नुसत्या सहलीच्या गाड्यांपेक्षा फार मोलाचा वाटतो.

पहाटे ब्लॅकवॉटरच्या बाजूला कोळशाच्या लांबलचक मालगाड्या भेटतात. एमरल्डनंतर ड्रमंड रेंजचा चढ लागतो. त्या वेळी कृपा करून झोपू नका. गाडी वळणावळणाने चढते आणि स्वतःचंच इंजिन खिडकीतून दिसतं. रूळ 1067 मिलिमीटरचे, आपल्या जुन्या मीटरगेजपेक्षा जेमतेम रुंद. डोंगरात स्वस्तात रेल्वे न्यायची म्हणून क्वीन्सलँडने 1865 मध्येच हे माप धरलं, ते आजही चालू आहे. त्यामुळे 1325 किलोमीटरला पंचवीसएक तास लागतात. याच टापूत बोगनटंगनजवळ मेडवे ओढ्यावर फेब्रुवारी 1960 मध्ये पुरात पूल कोसळून गाडी खाली गेली आणि सात माणसं दगावली. तिथून जाताना मी उभा राहिलो. रेल्वेच्या माणसाला राहवत नाही.

तुम्ही जुलै निवडलात हे उत्तम. डिसेंबर ते मार्च पूर येऊन गाड्या अडकतात आणि पारा चाळिशीच्या वर जातो.

घाटापलीकडे जमीन आडवी होते. झाडं आधी खुजी होतात, मग विरळ, आणि शेवटी मिचेल गवताचं पिवळं मैदान क्षितिजापर्यंत. मुलीला सांगा, हेच बघायला चाललोय. बार्काल्डिनला स्टेशनाच्या दारातच 'ट्री ऑफ नॉलेज' आहे. 1891 च्या संपात मेंढ्यांची लोकर कातरणारे कामगार या झाडाखाली जमत. ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षाचा जन्म इथला मानतात. 2006 मध्ये कुणीतरी विष घालून झाड मारलं, आता वाळलेल्या खोडावर मोठं स्मारक उभं आहे. गाडी थांबेल तेवढ्यात बघून घ्या.

गुडघ्यांसाठी बसण्याची जागा नको, झोपण्याची केबिनच घ्या. दोघांच्या केबिनमध्ये एक बर्थ खाली, एक वर. खालचा त्यांना द्या. केबिन मोजक्याच असतात, म्हणून महिने आधी आरक्षण करा आणि त्याच वेळी शाकाहारी जेवणाचं सांगून ठेवा. तरी मुलीकडून दशम्या, शेंगदाण्याची चटणी नि लोणचं बांधून घ्याच.

लाँगरीचला पोचून लगेच मागे फिरू नका. दोन रात्री राहा. 'क्वांटास' या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीचं जुनं हँगर आणि संस्थापकांचं संग्रहालय तिथेच आहे, गुराख्यांचं 'स्टॉकमन्स हॉल ऑफ फेम'ही आहे. एक संध्याकाळ थॉमसन नदीसाठी ठेवा. परत येताना मुलीचं ऐका, विमानाने या. आणखी एक रात्र गाडीत त्यांच्या गुडघ्यांना झेपायची नाही.