२ जीबी रॅमचा स्वस्त टॅब रूट करून कस्टम रॉम टाकला तर वेगवान होईल का, की कायमचा बिघडेल?

रूटने, म्हणजे टॅबच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा घेतल्याने, टॅब मरत नाही. बॅकअप न घेता चुकीचा पर्याय निवडला की मरतो. तुमच्या प्रश्नातलं ‘कायमचा बिघडेल का’ वाचलं आणि आमच्या घरातला जुना वाद आठवला, म्हणून आधी तो सांगतो.

बाबांकडे मीडियाटेक चिपचा टॅब आहे, २ जीबी रॅम, १६ जीबी स्टोरेज. ते त्यावर फक्त वाचतात. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ, पान मोठं करून, आणि समासात बोटाने खुणा करत. टॅबसोबतच भरून आलेली ॲप्स इतकी होती की लॉक स्क्रीनवरही जाहिराती यायच्या. पान उलटायला बोट फिरवलं की दोन-तीन सेकंद काहीच हलायचं नाही. बाबा पुन्हा बोट फिरवायचे आणि मग एकदम तीन पानं उलटायची. ते बघवेना, म्हणून मी बूटलोडर (टॅब चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक केला, मूळ फर्मवेअरमधली (कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली) बूट इमेज मॅजिस्क या रूट करणाऱ्या साधनाने पॅच केली, लॅपटॉपवरून फास्टबूटने फ्लॅश केली म्हणजे टॅबमध्ये लिहिली आणि नको ती ॲप्स उडवली. त्याच्या आधी एमटीकेक्लायंट या मीडियाटेकसाठीच्या साधनाने बूट, एनव्हीरॅम, एनव्हीडेटा आणि दोन्ही प्रोटेक्ट पार्टिशन (स्टोरेजमधले कप्पे) वाचून लॅपटॉपवर ठेवली होती. दादा तेव्हा म्हणाला होता, ‘उगाच कशाला वेळ घालवतोस?’

वर्षभर टॅब छान चालला. मग चूक माझ्याकडून झाली. बातम्या वाचताना जोडाक्षरं नीट कळत नाहीत असं बाबा म्हणाले, म्हणून मी रात्री फाँट बदलणारं एक मॅजिस्क मॉड्यूल टाकलं. मॉड्यूल रीस्टार्ट केल्यावरच लागू होतं. तो रीस्टार्ट करून न बघता मी सकाळी कामासाठी बाहेरगावी गेलो. तीन दिवसांनी बॅटरी संपून टॅब बंद पडला, चार्जिंगला लावून चालू केला तर लोगोवरच अडकला.

यावर अर्ध्या मिनिटाचा उपाय होता: टॅब चालू होताना व्हॉल्यूम डाउन दाबून सेफ मोडमध्ये जायचं, मॅजिस्क सगळी मॉड्यूल बंद करतं. मला एक फोन केला असता तर सांगितलं असतं. पण दादाने परस्पर टॅब दुरुस्तीला नेला. तिथे एसपी फ्लॅश टूल या मीडियाटेक टॅबमध्ये फर्मवेअर टाकणाऱ्या प्रोग्रॅममध्ये साध्या ‘डाउनलोड ओन्ली’ऐवजी, आधी सगळं पुसणारं ‘फॉरमॅट ऑल प्लस डाउनलोड’ निवडलं गेलं. टॅब चालू झाला खरा, पण वाय-फायच्या यादीत सगळ्यात वर ‘एनव्हीरॅम वॉर्निंग’ नावाचं नेटवर्क दिसू लागलं आणि सिमला नेटवर्क मिळेना. ज्यांनी मीडियाटेक हाताळलंय त्यांना यावरूनच कळेल काय झालं ते. आयएमईआय (मोबाइल नेटवर्कसाठीचा टॅबचा ओळख क्रमांक) आणि वाय-फायचा मॅक ॲड्रेस ज्या एनव्हीरॅममध्ये असतात, तेच पुसलं गेलं होतं. आणि दादाने निकाल देऊन टाकला: ‘रूट केलंस म्हणून मेला.’

मी परत आल्यावर लॅपटॉपवरची तीच पार्टिशन जशीच्या तशी परत लिहिली. वीस मिनिटांत वाय-फाय आणि सिम दोन्ही सुरू. बाबांच्या खुणा मात्र गेल्या, कारण यूजरडेटाचा, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या फाइल्सच्या पार्टिशनचा, बॅकअप कुणीच घेतला नव्हता. त्यांनी एक पीडीएफ उघडली, खूण होती त्या पानापर्यंत गेले आणि कोऱ्या समासावर बोट ठेवून थोडा वेळ बसले. मला काही बोलले नाहीत. म्हणूनच ‘रूटने मेला’ हे वाक्य मी आजही ऐकून घेत नाही. मॉड्यूलची चूक माझी होती आणि ती मी पहिल्याच दिवशी कबूल केली. पण खुणा पुसल्या त्या फॉरमॅटने. रूटची ही भीती जुन्या काळातली आहे, जेव्हा थेट सिस्टिम पार्टिशनमध्ये बदल करावे लागत. २०१६ मध्ये आलेलं मॅजिस्क सिस्टिमला हातच लावत नाही, मूळ बूट इमेज परत फ्लॅश केली की रूट गेलं.

आता तुमचा वेग. नुसतं रूट केल्याने काहीही वेगवान होत नाही. अशा टॅबमधली ईएमएमसी प्रकारची स्टोरेज मुळातच संथ असते, त्यात ती गच्च भरली की आणखी रखडते. आधी रूटशिवाय एडीबीने (लॅपटॉपवरून टॅबला कमांड देण्याच्या साधनाने) ‘पीएम अनइन्स्टॉल, यूजर ०’ ही कमांड वापरून फालतू ॲप्स काढा. त्यांनी व्यापलेली सिस्टिममधली जागा सुटणार नाही, पण मागे चालणं थांबेल. बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं. एका क्लिकमध्ये रूट करून देणारी ॲप्स अजिबात टाकू नका, आपण टॅबची किल्ली कुणाच्या हातात दिली तेच कळत नाही.

कस्टम रॉम म्हणजे कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी टाकायचं दुसऱ्या कुणी बनवलेलं अँड्रॉइड; तो कोणता ते मॉडेल कळल्याशिवाय सांगता येणार नाही. स्वस्त टॅबसाठी खास बनवलेला रॉम सहसा नसतोच, जीएसआयवर, म्हणजे अनेक उपकरणांवर चालणाऱ्या सामायिक अँड्रॉइड इमेजवर, भागवावं लागतं. त्यातही चिप ६४-बिट असून सॉफ्टवेअर ३२-बिट असणारे टॅब बरेच आहेत, म्हणून ‘ट्रेबल इन्फो’ ॲपमध्ये नेमका प्रकार पाहूनच इमेज उतरवा.

आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: बूटलोडर अनलॉक करताना टॅबमधलं सगळं पुसलं जातं. त्यानंतर बँकेची ॲप्स अडू शकतात आणि वाइडवाइन (व्हिडिओची कॉपी रोखणारी सुरक्षा) एल१ वरून एल३ या खालच्या पातळीवर आलं तर व्हिडिओ ॲपमध्ये एचडी मिळत नाही. मूळ अँड्रॉइड १३ किंवा पुढचं असेल तर बूटऐवजी बहुतेक ‘इनिट बूट’ पॅच करावी लागेल. एनव्हीरॅमचा बॅकअप त्याच टॅबचा हवा, दुसऱ्याचा टाकायचा नाही.

बाबांचा टॅब आज पुन्हा रूट केलेलाच आहे. खुणा त्यांनी पुन्हा करायला घेतल्यात, आणि दर रविवारी मी त्या पीडीएफ लॅपटॉपवर उतरवून घेतो.