शाळेचा ग्रुप, घरातला एकच मोबाईल आणि तयार प्रकल्प : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या मुलाच्या शाळेत घटक चाचणीचे गुण, गैरहजर मुलांची नावे आणि फी थकलेल्यांची यादीसुद्धा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली जाते. सर्व पालकांना एकाच वेळी कळते, मग हरकत कसली, असे मुख्याध्यापकांचे म्हणणे आहे. हे योग्य आहे का? (पालक, सातारा)

उत्तर : योग्य नाही. उद्या शाळा सकाळची भरणार आहे, ही सूचना सर्वांची असते. एखाद्या मुलाला गणितात वीसपैकी चार गुण मिळाले, ही बाब त्याची, त्याच्या घरची आणि शिक्षकांची असते. सूचनाफलकावरची यादी आठवड्याने उतरते. ग्रुपवरच्या यादीचा स्क्रीनशॉट मात्र कोणाच्या मोबाईलमध्ये किती वर्षे राहील, हे शाळेच्या हातात उरत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शैक्षणिक संस्थांना त्यांत काही सवलती आहेत, परंतु त्या शिक्षणाचे काम आणि मुलांची सुरक्षितता एवढ्यापुरत्याच आहेत. थकलेल्या फीची जाहीर यादी त्यांत कशी बसवणार?

ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय करून तो सूचनांपुरता ठेवावा आणि गुण प्रगतिपुस्तकातून किंवा पालकांना स्वतंत्रपणे कळवावेत. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, आणि नववी-दहावीच्या मुलींचे स्वतःचे नंबर अशा ग्रुपवर असणे ही काळजीची बाब आहे. व्हॉट्सॲपवर अनेक ग्रुप एकत्र जोडणाऱ्या ‘कम्युनिटी’च्या अनाउन्समेंट (सूचनांच्या) ग्रुपमध्ये सदस्यांना परस्परांचे नंबर उघड दिसत नाहीत. शाळेने तो पर्याय वापरावा आणि नंबर पालकांचेच घ्यावेत.

प्रश्न : घरात एकच मोबाईल आहे आणि तो यांच्याबरोबर कामावर जातो. रात्री तो अकरावीतल्या मुलाच्या हाती असतो. नववीतल्या मुलीचा गृहपाठ शिक्षक साडेनऊनंतर ग्रुपवर पाठवतात आणि सकाळी तो झाला नाही म्हणून तिला उभे करतात. (एक आई, परभणी जिल्हा)

उत्तर : यात मुलीची काहीच चूक नाही. ग्रामीण भागातील मुलांविषयीच्या ‘असर २०२४’ या अहवालानुसार चौदा ते सोळा वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, परंतु स्वतःचा फोन असण्यात मुली मुलांच्या मागे आहेत. त्याच अहवालात, आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरल्याचे सुमारे ५७ टक्के मुलामुलींनी, तर समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सुमारे ७६ टक्के मुलामुलींनी सांगितले. म्हणजे फोन घरात आहे, एवढ्यावरून तो मुलीच्या अभ्यासाच्या कामी येतो असे धरणे चूक आहे.

शाळेला माझे सांगणे एकच आहे : जे वर्गात फळ्यावर लिहून दिलेले नाही, त्याला गृहपाठ समजू नये. ग्रुपवर त्याची आठवण जरूर द्यावी, पण तो तिथे पहिल्यांदा देऊ नये. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड उघडून दाखवायचा असेल, तर शाळेच्या टीव्हीवर वर्गातच दाखवावा. कोविडकाळात, जुलै २०२० मध्ये, केंद्राने ऑनलाइन शिक्षणासाठी काढलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांतसुद्धा साधने नसलेल्या घरांचा विचार होता. शाळा रोज भरत असताना तो सोडून देण्याचे कारण नाही. पालकसभेत हे एकट्याने न बोलता चार-पाच मातांनी मिळून मांडावे, म्हणजे त्याचा राग एका मुलीवर निघणार नाही.

घरी मुलीची वेळ ठरवून द्या आणि ती मुलाला स्पष्ट सांगा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास मोबाईल-टीव्ही बंद, असा निर्णय अख्ख्या गावाने घेतला होता. एका घराला भोंग्याची गरज नाही, पण वडिलांनी मात्र तो नियम पाळला पाहिजे.

प्रश्न : जलसुरक्षा विषयाच्या प्रकल्पात बारा मुलांच्या वह्यांत ‘पाणी हे केवळ संसाधन नसून जीवनाचा आधार आहे’ हेच वाक्य आले. मजकूर एआयने लिहिला की मुलाने, हे ओळखणारे सॉफ्टवेअर शाळेने घ्यावे का? (शिक्षक, ठाणे)

उत्तर : पैसे वाया घालवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच असे ओळखणारे स्वतःचे साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवून दिले की, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंधही अशी साधने मोठ्या प्रमाणावर यंत्राचे ठरवतात. अशा निकालावर विसंबून मुलाला खोटे पाडणे अन्यायाचे होईल. (तयार प्रकल्पवह्या स्टेशनरीच्या दुकानात मिळत होत्या, तेव्हाही अक्षरे वेगळी आणि वाक्ये एकच असत; तेव्हा कोणी सॉफ्टवेअर मागितले नव्हते.)

विषयच असा द्यावा की उत्तर यंत्राकडे नसेल. ‘पाण्याचे महत्त्व’ लिहायला सांगितले की तेच वाक्य येणार. त्याऐवजी आपल्या इमारतीची टाकी किती लिटरची, ती दिवसातून किती वेळा भरते, टँकर कोणत्या महिन्यांत येतो आणि त्याचे पैसे कोण देते, हे विचारून येण्यास सांगावे. कच्ची नोंद वहीला जोडून घ्यावी आणि प्रत्येकाला तोंडी दोन प्रश्न विचारावेत. एआय वापरलेच असेल, तर कोठे वापरले आणि त्यातील कोणते विधान पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिले, हे शेवटच्या पानावर लिहिण्याची मोकळीक द्यावी. लपवण्याचे कारण उरले नाही की मुले बऱ्यापैकी खरे सांगतात. मात्र चॅटजीपीटीच्या अटींनुसार तेरा वर्षांखालील मुलांना ते वापरता येत नाही आणि अठरापर्यंत पालकांची परवानगी लागते, म्हणून ते सक्तीचे करू नये.

प्रश्न : दहावीचा अभ्यास पीडीएफवरून केला तर चालेल का? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : संदर्भ शोधण्यासाठी चालेल, धडा समजून घेताना आणि उजळणीला छापील पुस्तक बरे. ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माहितीपर मजकुराचे आकलन, विशेषतः वेळेचे बंधन असताना, कागदावर अधिक चांगले आढळले.

प्रश्न : दहावीच्या दोन मुलांनी वर्गातील मुलीच्या छायाचित्रावरून ॲपद्वारे अश्लील चित्र बनवून फिरवले. संस्थाचालक दाखला देऊन विषय मिटवा म्हणतात. (मुख्याध्यापिका)

उत्तर : तो मिटणार नाही आणि तुम्हीही अडचणीत याल. बालकाचे असे बनवलेले किंवा फेरफार केलेले चित्रही पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या, कायद्याच्या कक्षेत येते. गुन्ह्याची माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हा त्या कायद्यान्वये स्वतंत्र गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. प्रथम मुलीच्या पालकांना विश्वासात घ्या आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी कळवा. १०९८ ही बालकांची आणि १९३० ही सायबर गुन्ह्यांची मदतवाहिनी आहे. आरोपी मुलेही अल्पवयीन असल्याने त्यांचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. त्यांची नावे प्रार्थनेच्या वेळी जाहीर करण्याचा अधिकार शाळेला नाही.

पुरावा म्हणून ते चित्र स्वतःच्या मोबाईलवर घेऊ नका, कारण ते बाळगणे आणि पुढे पाठवणे हेदेखील गुन्हे आहेत. कोणत्या खात्यावरून, कोणत्या ग्रुपवर, किती वाजता आले, एवढे कागदावर टिपून ठेवा आणि ज्या मोबाईलवर ते आहे त्यातील काहीही पुसू देऊ नका. चौकशी समितीतील कोणालाही ‘खात्री करण्यासाठी’ ते पाहण्याची गरज नाही.